पाणी कुठं मुरतं

ब्लायनायमध्ये पाऊस ही बातमी नसते.
पाटीच्या दगडाचं गाव. छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
आणि खाणीत नको झालेल्या पाटीचे डोंगर
घरांच्या पाठीला टेकलेले.

मॉर्विदनं मला बोलावलं मार्चमध्ये.
दार पुरतं उघडायच्या आतच वास आला,
भिजल्या पोत्याचा, तळाशी विसरलेल्या बटाट्यांचा.
दोघींनी मिळून कपाट सरकवलं.
मागे बुरशीचं काळं रान,
खाली फुगलेला रंग, आणि मिठाची पांढरी मिशी.

माझ्या आधी तिघे येऊन गेले होते.
पहिला म्हणाला, बाई, तुम्ही घरात कपडे वाळवता.
दुसऱ्यानं भिंतीला ओळीनं भोकं पाडली,
त्यांत काहीतरी टोचलं, आणि बिल दिलं.
तिसऱ्यानं रंग विकला. दोन हिवाळे टिकेल म्हणाला,
नाताळपर्यंत टिकला.
आजार रेड्याला आणि डाग पखालीला.
डाग मात्र तिच्या भिंतीवर, जिथल्या तिथं.

मी आधी काहीच केलं नाही.
चहा प्यायले. चॉकलेटची चांदी मागून घेतली,
भिंतीवर चारी कडांनी चिकटवली, दोन दिवसांनी आले.
चांदी पुढून ओली असली तर पाणी घरातल्या हवेचं,
श्वासाचं, किटलीचं, वाळत्या चादरींचं.
मागून ओली असली तर भिंतीतलं.

पुढून कोरडी होती.
सोलली, तर मागून घामेजलेली.

(न्हाणीघरात मात्र उलटं निघालं.
तिथला पंखा कोळ्यांनी ताब्यात घेतला होता.
तेवढा दोष तुझा, मी म्हणाले.
तिला बरं वाटलं, का कोण जाणे.)

मग बाहेर, शिडी लावून.
पन्हळीत नेचा उगवलेला, चांगला हातभर,
मुळाशी एक टेनिसचा चेंडू, केस गेलेला.
ते काढलं. तरी हिशेब जुळेना.
एवढ्याशा गळतीनं एवढी भिंत भिजत नाही.
हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेले,
टण, टण, टण, आणि मग बद्द.
बद्द. बद्द.
सिमेंटचा गिलावा दगडापासून सुटलेला,
केसाएवढ्या भेगेतून पाणी आत घेणारा
आणि एकदा घेतलेलं परत न सोडणारा.
खाली कोपऱ्यात, ओल्यात बोटानं लिहिलेलं:
गेरैंट, १९८७.

हे सगळं उतरवावं लागेल, मी म्हणाले.
तिनं किटली लावली. बंद केली. पुन्हा लावली.
मला खोकला होता त्या वर्षी, ती म्हणाली,
तीन रविवार तो इथंच उभा होता.
मी म्हटलं, दिसतंय. दोन थर आहेत.

छिन्नी लावल्यावर पहिला तुकडा सहज आला,
दुसरा येताना दगडाचा पापुद्रा घेऊन आला.
आत नदीचा वास.
भिंत तशीच उघडी ठेवली उन्हाळाभर.
सुकायला महिन्याला जेमतेम एक इंच,
आणि भिंत वीस इंची. घाई कोणाची चालते?
सप्टेंबरात चुना लावला,
पातळ, तीन हातांत, मध्ये ओली गोणपाटं टांगून.
सिमेंटवाले हसतात चुन्याला. हसू देत.
चुना भिजतो आणि सुकतो, त्याला दोन्ही येतं.

नावाचा तुकडा तिनं मागून घेतला.
घरात नको ठेवू, सांगितलं होतं.
खिडकीच्या आतल्या फळीवरच ठेवलाय.

ऑक्टोबरच्या पहिल्या झडीला फोन.
नोन, भिंत काळी पडलीय, वरपासून खालपर्यंत,
तुझा चुना पाणी पितोय.
मी म्हणाले, पिऊ दे. दुपारी बघ.
चार वाजता पुन्हा फोन.
पांढरी होतेय, ती म्हणाली, वरून, हळूहळू.
मग काहीच बोलली नाही, आणि ठेवलाही नाही.
तिच्याकडचा पाऊस थांबला होता.
माझ्याकडे लागलेलाच होता.